अगोट, छावणी आणि फ्रीझर

मृग लागायच्या आधीचे पंधरा-वीस दिवस उल्हास नदीच्या खोऱ्यात बायकांना बसायला फुरसत नसे. अंगणातल्या बाजेवर मिरच्या, शेजारी तांदळाचे पापड आणि सांडगे, दोरीवर सुकणारे बोंबील. भात शेणाने लिंपलेल्या कणगीत जाई. कडवे वाल कडक उन्हात तापवून, राख चोळून मडक्यात भरत. बदलापूर-अंबरनाथकडच्या आगरी-कुणबी घरांत ही पावसाळ्याची बेगमी म्हणजे अगोट. एकदा ओढे भरले आणि लावणीचा चिखल सुरू झाला की बाजाराची वाट कुठली! जवळा, सुकट आणि वालाचं बिरडं यांवर महिनेच्या महिने निघत.

फाळणीनंतर या खोऱ्यात साठवणीची दुसरी एक रीत आली. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेल्या छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ते मात्र आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगितले जातात. छावणीतल्या बराकींत लाटले जाणारे काळ्या मिरीचे उडदाचे पापड हा घरचा साठा होता आणि पोटापाण्याचा धंदाही. पाहुण्यापुढे पाण्याबरोबर पापड ठेवायची सिंध्यांची पद्धत आहे, म्हणजे डब्यात पापड नसून चालणारच नाही.

आदल्या दिवशी रांधून ठेवण्याची सवयही या मंडळींना सणानेच लावलेली. श्रावणात राखीनंतर सातव्या दिवशी थदडी येते. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. गोड लोली, कोकी, सुक्या भाज्या असं सगळं आधीच करून ठेवलेलं असतं आणि ते दह्याबरोबर थंडच खातात. मराठी घरांतल्या शीतला सप्तमीशी नातं सांगणारा हा सण उल्हासनगरात घरोघर होतो.

आगऱ्यांची अगोट असो की सिंध्यांचा पापड, टिकण्याची सारी भिस्त ऊन, मीठ आणि तेल यांच्यावर. जुन्या साठवणीचं कौतुक करताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. पापडात मिठाच्या जोडीला पापडखारही असतो. लोणचं तर मिठातेलात बुडूनच टिकतं. शेतात राबणाऱ्याला ते पचलं. रक्तदाबाची गोळी घेऊन लोकलमध्ये बसणाऱ्याचं काय? गोठवण्याच्या पद्धतीत वरून काहीच घालावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

बर्फ मुंबईला फार आधी आला. १८३४ च्या सुमारास बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा तळ्यांतला बर्फ जहाजांनी मुंबईत उतरू लागला. गोठवलेलं अन्न दुकानात विकण्याची सुरुवात क्लॅरेन्स बर्ड्सआयने १९३० मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला केली. भारतात गोदरेजने फ्रिज बनवायला घेतला तो १९५८ मध्ये. तरी पुढची कित्येक वर्षं मध्यमवर्गीय घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा बर्फाच्या ट्रेपुरताच होता. शेजारची मुलं वाटी घेऊन बर्फ मागायला येत, तोच त्याचा मान.

त्यात पुन्हा विजेचा भरवसा नव्हता. २००५ नंतरच्या भारनियमनात मुंबई उजळलेली राहिली. कल्याणपलीकडे मात्र तासन्‌तास अंधार. गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर न उघडता ठेवला तर माल साधारण ४८ तास तग धरतो. एकदारी फ्रिजच्या चिमुकल्या कप्प्याकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही. २००५ च्याच २६ जुलैला उल्हासचं पाणी बदलापुरात घुसलं. मग कसली साठवण आणि कसला कप्पा!

तरीही फ्रीझर भरू लागला, आणि तो भरायला लावला लोकलने. मुंबईत घर परवडेना तशी नोकरदार कुटुंबं अंबरनाथ-बदलापूरला सरकली. सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. एका बाजूचा प्रवास दीड तासाचा, आणि गाडी चुकली तर त्याहून जास्त. पूर्वी साठवण पावसाच्या धाकाने व्हायची, आता ती वेळापत्रकाच्या धाकाने होते.

म्हणून रविवारी भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण होतं, सिंधी घरांत लालसर परतलेल्या कांद्याचं ‘दाग’ होतं. दोन्ही छोट्या पिशव्यांत चपटी करून कप्प्यात जातात. मोड आलेली मटकी, खोवलेला नारळ, सोललेले वाल, अर्धवट भाजलेल्या पोळ्या हे सगळं त्याच रांगेत. थंडीत मटार स्वस्त झाला की पाच-पाच किलोच्या शेंगा सोलायला घर बसतं. दाणे उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं टाकायचे, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पसरून कोरडे करायचे. ही उकळी चुकवली तर दाण्यांतली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-चव दोन्ही उतरतात. ओले दाणे भरले तर त्यांचा एकच दगड होतो. बटाटा या वाटेला लावू नये. गोठून निघाला की तो भुसभुशीत होतो आणि पाणी सोडतो, म्हणून सिंध्यांची साईभाजी गोठवून ठेवायची झाली तर पालक, चुका आणि चणाडाळ तेवढी ठेवावी, बटाटा नंतर घालावा.

सगळ्यांत मजेशीर जागा शेवळांनी पटकावली आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे आदिवासी बायका डोंगरातून ही रानभाजी बाजारात आणतात, ती जेमतेम काही आठवडे. नीट न केल्यास घसा खाजवणारी, म्हणून तिच्यात काकड या रानफळांचा तुरट-आंबट रस घालावाच लागतो. सीकेपी घरांत तिच्यावाचून पावसाळा सुरू होत नाही. शेवळं निवडून, चिरून, तेलावर परतून गोठवली की गौरी-गणपतीपर्यंत पुरतात. काकडं ठेचून काढलेला रस बर्फाच्या ट्रेत गोठवता येतो, एका भाजीला दोन-तीन चौकोन.