पाणी कोणाच्या हातचं?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे कापत जाते. भंडारा रोड, तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा पट्टा भंडाऱ्याचाच होता. (भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, हे मी पुण्यातल्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला एकदा तरी समजावलेलं आहे.)

१८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. तिशी उलटलेली. कवी, संस्कृतचे जाणकार, फर्डे वक्ते आणि एका जागी फार दिवस न टिकणारे गृहस्थ. त्या प्रवासात डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवर बोलणं झालं, धर्मावर झालं, आणि त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. वाचायचं कबूल केलं होतं म्हणून टिळकांनी ती उघडली. मत्तयच्या पाचव्या अध्यायापासून डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं. तिथे ते अडकले ते अडकलेच. पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आमचं कुटुंब भंडाऱ्याचं, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. स्कॉटलंडच्या मिशनचे लोक नागपुरात १८४०च्या दशकात आले. तिथे स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली, आणि पुढे त्या मिशनचं काम भंडाऱ्यापर्यंत पोहोचलं. त्यामुळे टिळकांची ही रेल्वेतली गोष्ट मी संडे स्कूलमध्ये इतक्या वेळा ऐकली आहे की तो डबा मला डोळ्यांसमोर दिसतो. ती गोष्ट नेहमी बाप्तिस्म्यापाशी संपायची. पुढची पाच वर्षं कोणी सांगत नसे. ती मला फार उशिरा, नोकरी लागल्यावर, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडली.

लक्ष्मीबाई म्हणजे टिळकांच्या पत्नी. जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मीठसुद्धा धुवायचं! अशा घरातली मुलगी लहानपणीच लग्न होऊन टिळकांकडे आली. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा तिच्या वाट्याला काय आलं असेल याचा अंदाज बांधता येतो. मुलगा दत्तू लहान. नातेवाइकांच्या आसऱ्याने ती काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिली. पुढे अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ती टिळकांकडे परत आली, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, आणि दोघं एकमेकांवर जीव लावून असलेली.

आता बायबलमधली एक गोष्ट बघा. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपार, विहीर, प्रवासाने थकलेला येशू. शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांचं भांडं वापरत नाहीत. तू माझ्या हातचं पाणी कसं मागतोस, असा तिचा सवाल आहे. युरोपातल्या वाचकाला हा प्रसंग समजावून द्यायला खाली टीप लागते. मराठी वाचकाला कसली टीप? आपल्याकडे विहिरीवरून, रांजणावरून, टांगून ठेवलेल्या वेगळ्या पेल्यावरून अख्खा समाज वाचता येतो. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे घडलं, त्याच्या मुळाशी हाच सवाल होता.

लक्ष्मीबाईंनी हा सवाल स्वतःच्या घरात सोडवला. महाबळेश्वरच्या मुक्कामात त्यांनी रात्रभर विचार केला. माणसं सगळी देवाने केली, मग जाती कोणी केल्या? पशुपक्ष्यांमध्ये जसे प्रकार दिसतात तसे माणसांत दिसतात का? सकाळपर्यंत निर्णय झालेला होता: यापुढे कोणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं. त्यानंतर १९००च्या सुमारास राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी आधी पुस्तक वाचलं, मग त्यांचं आयुष्य बदललं. लक्ष्मीबाईंचं उलटं झालं. त्यांनी आधी पाणी प्यायलं. येशू ख्रिस्तावर विश्वास आहे असं म्हणण्याआधी त्यांनी त्या विहिरीवरच्या गोष्टीतला सगळ्यांत अवघड भाग करून टाकला होता. आमच्याकडच्या उपदेशांत नेहमी शिकवतात की विश्वास आधी, कृती त्याचं फळ. शिकवण चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जो चिडलेला सूर आहे, सभेत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला खुर्ची आणि मळक्या कपड्यातल्याला जमिनीवर जागा देणाऱ्यांवर तो लेखक जो भडकला आहे, तो लक्ष्मीबाईंना वाचल्यावर मला नीट कळला.

हे सगळं मी इतकं मनावर का घेते त्याचं कारण सांगते. सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. बायोडाटात धर्म ‘ख्रिस्ती’, मग चर्चचं नाव, मग शिक्षण, पॅकेज. फोनवर दोन-चार मिनिटं हवापाण्याच्या गप्पा होतात आणि पलीकडून प्रश्न येतो, “बरं, तुम्ही मूळचे कोण?” चार पिढ्यांनंतर. विचारणारेही ख्रिस्ती, सांगणारेही ख्रिस्ती. दर महिन्याला प्रभुभोजनात एकाच भाकरीचे तुकडे घेणारे. आई पहिल्या खेपेला गडबडली, दुसऱ्या खेपेला म्हणाली, “आम्ही मूळचे भंडाऱ्याचे.” मला तिचं उत्तर फार आवडलं. पलीकडच्यांना आवडलं नसावं, कारण परत फोन आला नाही.

महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये जात राहिली ही काही गुपित गोष्ट नाही. कुठे वेगळ्या वस्त्या राहिल्या, कुठे आडनावं राहिली, आणि सोयरिकीत तर ती हमखास राहिली. विहीर सोडवता येते, सोयरीक सोडवायला जास्त वेळ लागतो, असं फार तर म्हणता येईल. पण लक्ष्मीबाईंना एक रात्र पुरली होती, तेही तेव्हा, तशा माहेरातून आलेल्या असताना. त्यामुळे ‘वेळ लागतो’ ही सबब मला आता पटेनाशी झाली आहे.

टिळकांचंही थोडं सांगायला हवं, कारण त्यांनी डोंगरावरचं प्रवचन अगदी शब्दशः घेतलं. त्यात उद्याची काळजी करू नका अशी शिकवण आहे, आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगितलं आहे. टिळक काळजी करतच नसत. वाणसामानाचे पैसे घेऊन बाहेर पडायचे आणि भलतीच काही वस्तू घेऊन परतायचे. कोणी गरजू दिसला की हातातलं देऊन मोकळे. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरी आणली. मग त्या मुलांच्या भाकरीची काळजी कोणी करायची? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी खूप हसले आणि मधेच थांबलेही. नवऱ्याला पाखरांसारखं जगता यावं म्हणून डब्यातल्या पिठाचा हिशोब कोणीतरी ठेवत होतं. त्या शिकवणीचा हा भाग कुठल्याही उपदेशात मी ऐकलेला नाही. लक्ष्मीबाई मात्र तो कडवटपणाशिवाय, चेष्टेने, नवऱ्याच्या प्रेमातच राहून सांगतात. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्या घरी राहिले होते. अशा घरात एक कवी सांभाळणं पुरेसं नव्हतं बहुतेक.

अर्थात टिळकांनी स्वतःलाही सूट दिली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ती माणसाने मराठीतच भजन म्हणावं, तुकोबांच्या वाटेने येशूकडे यावं, हा त्यांचा ध्यास. ९ मे १९१९ ला ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच राहिलं होतं. त्यातले पुढचे बहुतेक सगळे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने.

भाषेचा मुद्दा इथे येतोच. शिकवण रोजच्या जगण्यात उतरायची तर ती रोजच्या भाषेत हवी. मराठी बायबलच्या इतिहासात आमच्या विदर्भाचा वाटा अगदी सुरुवातीपासून आहे. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मत्तयचं शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत छापलं. त्यांना मराठीसाठी मदत करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. त्या छपाईतल्या मराठीला नागपुरी वळण आहे अशी टीका पुढे पुण्या-मुंबईकडच्यांनी केली. आम्हाला सवय आहे. पुण्यात मी ‘करून राहिले’ म्हटलं की अजूनही सगळी टीम हसते.

पुढच्या भाषांतरांत संस्कृत शब्दांचा भरणा होत गेला. पंडिता रमाबाई स्वतः संस्कृतच्या प्रकांड पंडिता, पण त्यांना ते खटकलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या होत्या. भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. तिथल्या उपासमारीतून वाचवलेल्या मुलींना त्यांनी केडगावला नेलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या मुलींना कळेल असं बायबल त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर एकटीने केलं. उतारवय, ऐकू कमी येत चाललेलं, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेलेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. ते केडगावच्याच छापखान्यात छापलेलं होतं, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं मुक्तीतल्या बायका आणि मुली करत असत.