बर्फाळ देशात गाडीचे ‘हिवाळी टायर’ घरीच कसे बदलतात?

आपल्याकडे टायर बदलायचा म्हणजे पंक्चर झाल्यावर डिकीतून स्टेपनी काढायची, एवढंच. जर्मनीत राहणाऱ्या एखाद्या मराठी मित्राला विचारून बघा. तिथे वर्षातून दोनदा गाडीची चारही चाकं बदलावी लागतात. हिवाळ्याचा एक संच आणि उन्हाळ्याचा दुसरा. गॅरेजमध्ये अपॉइंटमेंटची रांग असते आणि मजुरीही महाग, म्हणून बरेच लोक हे काम घराच्या अंगणातच उरकतात. काम तासाभराचं आहे, पण चुकलं तर धावत्या गाडीचं चाक निखळू शकतं.

टायर बदलायचेच कशाला?

रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायरचं रबर थंडीत ताठरतं आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. त्या बर्फ पकडतात. पारा ७ अंशांखाली जाऊ लागला की टायर बदला, असा तिथला ढोबळ ठोकताळा. दुसरा ठोकताळा ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (जर्मन भाषेत ईस्टर).

कायदा मात्र तारखेवर चालत नाही. रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं दव असेल, तर हिवाळ्याला चालणारे टायर हवेतच, असा जर्मनीचा नियम आहे. ते नसतील तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. कोरड्या रस्त्यावर जानेवारीतही उन्हाळी टायर चालतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात याउलट थेट तारखाच ठरवून दिल्या आहेत: १ डिसेंबर ते १५ मार्च.

जुने टायर विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेला टायर हिवाळी मानला जात नाही. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह लागतंच. टायरचं वय त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून कळतं. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी, पण हिवाळ्यात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर जाणकार भरवसा ठेवत नाहीत.

घरी कोणाला जमेल?

ज्याचे हिवाळी टायर वेगळ्या रिमवर आधीच बसवलेले आहेत, त्यालाच. रिमवरून टायर काढून दुसरा चढवायला मशीन लागतं, नंतर बॅलन्सिंगही करावं लागतं. ते घरी होत नाही.

आता प्रत्यक्ष काम

जागा सपाट आणि टणक हवी. माती, गवत, उतार नको. पहिला गिअर (ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’) आणि हँडब्रेक लावा. जे चाक उचलणार त्याच्या तिरप्या विरुद्ध चाकाला दोन्ही बाजूंनी ओंडका किंवा वीट लावा. गाडीला चोर-बोल्ट, म्हणजे खास चावीनेच उघडणारा बोल्ट असेल, तर ती चावी आधी शोधून ठेवा. निम्मा वेळ तिलाच शोधण्यात जातो!

बोल्ट सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच, पाव वळसा. हवेत उचललेल्या गाडीच्या पान्यावर जोर लावला की ती जॅकवरून घसरू शकते. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्तच जपावं लागतं, कारण खाली बॅटरी असते. एका वेळी एकच चाक उचला आणि गाडीखाली हात किंवा डोकं घालू नका. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं, तर जॅक घसरला तरी गाडी त्यावर टेकते.

कधी बोल्ट सगळे निघतात, पण गंजामुळे चाक हबला चिकटून बसतं. ते हवेत असताना त्याच्याशी झोंबाझोंबी करू नका. बोल्ट परत हाताने सैलसर लावा, गाडी खाली उतरवा आणि हातभर पुढेमागे करा. बहुतेक वेळा चाक सुटतं.

नवं चाक लावण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की चाक नीट टेकत नाही आणि बोल्ट पुढे आपोआप सैल पडतात. बोल्टच्या आट्यांना तेल-ग्रीस लावायचं नाही. जर्मन गाड्यांत सहसा बोल्ट असतात, जपानी आणि कोरियन गाड्यांत बाहेर आलेले स्टड आणि नट. बोल्टवाल्या गाडीत चाक भोकांसमोर धरून ठेवणं हीच खरी कसरत. लोखंडी आणि अलॉय रिमचे बोल्ट वेगळे असू शकतात, हेही तपासा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पुढच्या दिशेनेच हवा. ज्या जोडीची नक्षी जास्त शिल्लक आहे ती मागे लावावी. मागची चाकं घसरली की गाडी सावरणं फार कठीण जातं.

सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. गाडी खाली उतरवून शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो. समजा तो १२० न्यूटन-मीटर आहे, तर ६० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर झाला. पान्यावर उभं राहून आवळणारे पुष्कळ दिसतात. त्याने आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी बोल्ट निघत नाही. इम्पॅक्ट गन वापरत असाल तर रविवारी नको. जर्मनीत रविवारच्या शांततेबाबत शेजारी फार काटेकोर असतात.

हवेचा दाब टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तापमान १० अंश उतरलं की दाब साधारण ०.१ बारने घटतो. दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर ती नव्याने सेट करा. मग ५० ते १०० किलोमीटर चालवून झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. बरेच जण हेच विसरतात.

काढलेली चाकं धुऊन वाळवा. पुढचं डावं, मागचं उजवं असं खडूने लिहून ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक रचा किंवा टांगा. नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. जागा थंड, कोरडी आणि अंधारी हवी, पेट्रोल-तेलापासून दूर.