युद्धाचा निर्णय आणि उत्तरदायित्व : ३ सप्टेंबर १९३९ चा बोध

राष्ट्राच्या आयुष्यात युद्धाच्या निर्णयाहून गंभीर असा निर्णय दुसरा नाही. कर बसविला तर तो पुढे कमी करता येतो, कायदा चुकला तर तो बदलता येतो. परंतु रणांगणावर गेलेला मुलगा परत आणता येत नाही. म्हणूनच, जो हा निर्णय घेतो त्याने तो कोणाच्या संमतीने घेतला आणि त्याच्या परिणामांचा जाब त्याला कोण विचारू शकतो, हे दोन प्रश्न इतिहासाने नेहमीच विचारले पाहिजेत. या प्रश्नांचा सर्वांत बोलका धडा हिंदुस्थानच्याच इतिहासात, ३ सप्टेंबर १९३९ या दिवशी, आपल्याला मिळतो.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत संपली आणि पंतप्रधान चेंबरलेन यांनी युद्ध सुरू झाल्याचे आपल्या देशाला सांगितले. त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे घोषित केले. मध्यवर्ती कायदेमंडळाचे मत घेतले गेले नाही. अकरा प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे कारभार करीत होती, त्यांना विचारले गेले नाही. काँग्रेस, मुस्लिम लीग किंवा अन्य कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याशी सल्लामसलत झाली नाही. गांधीजींना सिमल्यास भेटीला बोलाविले गेले, पण ते घोषणा झाल्यानंतर. सुमारे चाळीस कोटी लोकांचा देश एका अधिकाऱ्याच्या सहीने युद्धात उतरला.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर लिनलिथगो यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली, परंतु संरक्षण व परराष्ट्र व्यवहार ही दोन खाती गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवली होती. मात्र कायद्याने दिलेला अधिकार आणि लोकांप्रत असलेले उत्तरदायित्व या दोन भिन्न वस्तू आहेत. विचारण्याची सक्ती कायद्याने केली नव्हती. विचारण्यास मनाईही केली नव्हती. ज्याला विचारता आले असते आणि ज्याने विचारले नाही, त्याच्या वर्तनाचा न्याय केवळ कायद्याच्या कलमांनी होत नाही.

याच साम्राज्यातील इतर देशांनी त्या आठवड्यात काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅनडाने आपल्या पार्लमेंटची बैठक बोलाविली, चर्चा केली आणि १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे युद्ध पुकारले. दक्षिण आफ्रिकेत पंतप्रधान हर्टझोग तटस्थतेच्या बाजूचे होते. ४ सप्टेंबरला त्यांचा ठराव ६७ विरुद्ध ८० मतांनी फेटाळला गेला, त्यांना अधिकारपद सोडावे लागले आणि स्मट्स पंतप्रधान झाले. अर्थात त्या सभागृहात तेथील बहुसंख्य आफ्रिकन जनतेला आणि आपल्या हिंदी बांधवांना खरा वाटा नव्हता, हे विसरून चालणार नाही. आयर्लंडने डी व्हॅलेरा यांच्या नेतृत्वाखाली तटस्थ राहणे पसंत केले. निर्णय निरनिराळे झाले. परंतु प्रत्येक ठिकाणी निर्णय घेणारा तेथल्या सभागृहाला जबाबदार होता.

खुद्द ब्रिटनमधील उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. २ सप्टेंबरच्या सायंकाळी सरकार विलंब करीत आहे असे वाटून कॉमन्स सभागृह संतप्त झाले, आणि त्या दबावानंतरच दुसऱ्या दिवशी निर्वाणीचा खलिता गेला. पुढे मे १९४० मध्ये नॉर्वेमधील अपयशावर सभागृहात दोन दिवस वाद झाला. सरकारला २८१ विरुद्ध २०० अशी मते पडली. बहुमत टिकले, पण विश्वास उरला नाही. १० मे रोजी चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ज्याने युद्ध पुकारले त्यालाच युद्धाच्या मध्यावर लोकप्रतिनिधींनी पायउतार केले. हिंदुस्थानात मात्र लिनलिथगो ऑक्टोबर १९४३ पर्यंत पदावर राहिले. त्यांना जाब विचारील असे एकही सभागृह या देशात नव्हते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. हिटलरची राजवट दुष्ट होती आणि तिचा पाडाव व्हावा, याविषयी हिंदी नेत्यांत फारसे दुमत नव्हते. काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबर १९३९ च्या निवेदनात नाझी आक्रमणाचा निषेधच केला होता. तिचा प्रश्न निराळा होता. हे युद्ध लोकशाहीसाठी आहे असे म्हणता, तर ती लोकशाही हिंदुस्थानाला लागू आहे की नाही, हे स्पष्ट सांगा, एवढीच तिची मागणी होती. १७ ऑक्टोबरला व्हाइसरॉयनी दिलेले उत्तर असे होते की, घटनेत फेरबदल करण्याचा विचार युद्धानंतर होईल. त्यावर आठ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ त्यांतच होते.

राजीनाम्यांचा हा मार्ग योग्य होता की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सत्तास्थाने सोडल्यामुळे प्रांतांचा कारभार पुन्हा गव्हर्नरांच्या हाती गेला आणि लीगला बळ मिळाले, असा एक आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. मुंबईच्या विधानसभेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या हक्कांचा प्रश्न पुढे मांडला, हेही स्मरणीय आहे. देशाच्या वतीने बोलतो असे म्हणणाऱ्याने देशातील दुर्बलांनाही विचारले आहे काय, हा तो प्रश्न होता. संमतीचे तत्त्व एकदा मान्य केले की ते वरपासून खालपर्यंत लागू करावे लागते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. १० जून १९१८ रोजी मुंबईस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरविली होती. लोकमान्य टिळक मदतीस नकार देण्यास गेले नव्हते. परंतु सैन्यभरतीबरोबर स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबविण्यात आले, तेव्हा ते सभागृह सोडून निघून गेले. माणसे हवीत, पण माणसांचे मत नको, ही भूमिका त्यांना अमान्य होती. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथून विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले आणि ते तुरुंगात गेले. टिळक आणि विनोबा यांच्या प्रकृतीत केवढे अंतर! तरीही, विचारल्याशिवाय देशाला युद्धात ओढू नये, या एका मुद्द्यावर दोघांचा मार्ग येऊन मिळतो.

या निर्णयाची किंमत कोणी दिली? १९३९ मध्ये सुमारे २ लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत सुमारे २५ लाखांवर गेले. ही भरती स्वेच्छेची होती, असे अभिमानाने सांगितले जाते. पोटाची सक्ती मात्र त्या हिशेबात धरली जात नाही. सुमारे ८७ हजार हिंदी सैनिक कामी आले. इटलीत १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे एकाकी लढत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांच्या शौर्यापुढे मस्तक नम्र होते. परंतु सैनिकाचे शौर्य हे राज्यकर्त्याच्या निर्णयाचे समर्थन नव्हे. शूर माणसे मिळतात म्हणून त्यांना कोठेही पाठविण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही.

बंगालमध्ये तर लढाई न होताच माणसे मेली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील तांदूळ बंद झाला, शत्रूच्या भीतीने किनाऱ्यावरील होड्या व धान्यसाठे हलविण्यात आले, भाव भडकले. १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज आहे. लिनलिथगो यांनी त्या दुष्काळी मुलखात पाऊलही टाकले नाही. त्यांच्या जागी आलेले वेव्हेल मात्र पदग्रहणानंतर लगेच कलकत्त्यास गेले. अनुत्तरदायी सत्तेचे खरे रूप ते हेच. जुलूम करण्याची इच्छाच असावी लागते असे नाही. ज्यांचे दुःख आहे त्यांना जबाब देण्याची गरज नसली म्हणजे पुरे.

आता आपल्या बेटाकडे वळू. मॉरिशसला तर घोषणेचा स्वतंत्र कागदही लागला नाही. लंडनने युद्ध पुकारले, त्यातच वसाहत आली. येथील कौन्सिलात निवडून आलेले सभासद केवळ दहा, आणि सुमारे ४ लाख वस्तीत मतदार जेमतेम १२ हजार. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या वाडवडिलांपैकी बहुतेकांस मत नव्हते. तरीही त्यांचे मुलगे पायोनियर दलात भरती होऊन इजिप्त व इटलीपर्यंत गेले. ब्रह्मदेशचा तांदूळ तुटला तेव्हा मका आणि मॅनिऑकचे कंद आपल्या घरांत शिजले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे मजुरीसाठी संप करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गरोदर असलेली अंजले कूपेन आणि आणखी तिघे बळी पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॉरिशस रेजिमेंटची एक पलटण मादागास्करला नेण्यात आली, आणि तिच्या शिपायांनी तेथे पोहोचताच हुकूम मानण्याचे नाकारले. या घटना निरनिराळ्या आहेत, परंतु ज्यांना विचारले नव्हते त्यांच्याकडूनच सारे मागितले जात होते, हे त्यांतील समान सूत्र आहे.

आपले पूर्वज रत्नागिरी, सातारा या भागांतून निघाले तेव्हा करारपत्रावर त्यांचा अंगठा तरी घेतला गेला होता. त्यात काय लिहिले आहे हे अनेकांना कळले नसेल. पण संमतीचे नाटक तरी झाले होते. १९३९ साली चाळीस कोटी लोकांच्या वतीने जो करार झाला, त्यावर त्यांचा अंगठाही मागितला गेला नाही. करारबद्धांच्या वंशजांना हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मग स्वातंत्र्याने काय बदलले? युद्धे थांबली नाहीत, चुकाही थांबल्या नाहीत. १९६२ मध्ये चीनशी झालेल्या युद्धात भारताचा दारुण पराभव झाला. परंतु त्या वेळी संसद भरली, सभासदांनी आपल्याच सरकारला कठोर प्रश्न विचारले, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस त्यांच्या जागी गेले. उत्तरदायित्व पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. लष्करी चौकशीचा अहवाल दीर्घकाळ जनतेपुढे आला नाही. तथापि जाब विचारणारे सभागृह होते आणि जाब द्यावा लागणारा मंत्री होता. १९३९ मध्ये या दोहोंपैकी काहीच नव्हते.

आपल्या बेटावर १९४८ च्या निवडणुकीत साक्षरांना मताचा अधिकार मिळाला, मतदारांची संख्या सुमारे ७२ हजारांवर गेली, आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य आले. हा अधिकार वाडवडिलांनी उपाशीपोटी मिळविला आहे. त्याचा अर्थ पाच वर्षांनी एकदा चिठ्ठी टाकणे एवढाच नव्हे. आपल्या नावाने कोणी युद्धाचा वा शांततेचा निर्णय घेत असेल, तर तो कोणाला विचारून घेतला, हा प्रश्न निर्भयपणे विचारणे हाही त्याचाच भाग आहे. ज्यांना तो विचारता आला नाही, त्यांचे ऋण आपण याच मार्गाने फेडू शकतो.