एका डोंगराची दोन नावं

आल्प्स म्हटलं की आपल्याला स्वित्झर्लंड आठवतं. त्याच पर्वतरांगेत, इटलीच्या उत्तर टोकाला दक्षिण टिरोल आहे. तिकडे जाणाऱ्याने डोंगर पाहावेतच, पण गावांच्या पाट्याही वाचाव्यात, असं मी भाषा शिकवणारा माणूस म्हणून सांगेन.

आधी भूगोल पाहू. उत्तरेला १३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड, पलीकडे ऑस्ट्रिया. पश्चिमेला ३९०५ मीटरचं बर्फाळ ऑर्टलर शिखर. पूर्वेला डोलोमाइट खडकाचे फिकट, उभे कडे. हा खडक कधीकाळी समुद्रात तयार झाला. खाली आदिजे नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षांचे मळे. मावळतीला कडे गुलाबी होतात. बोल्झानो शहरातून दिसणाऱ्या अशाच एका डोंगराला जर्मनमध्ये 'रोझेनगार्टेन', म्हणजे गुलाबांची बाग म्हणतात. इटालियन नाव 'कातिनाच्चो'. त्यात गुलाब कुठेच नाही.

ही दोन नावं सहज जन्मलेली नाहीत. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता आणि बहुतेक लोक जर्मन बोलत. १९१९च्या तहाने तो इटलीकडे गेला. इथल्या गावांच्या, नद्यांच्या, डोंगरांच्या इटालियन नावांची यादी एत्तोरे तोलोमेई याने १९१६मध्येच छापून ठेवली होती. मुसोलिनीच्या काळात ती सरकारी झाली. काही नावं जुनी, लोकांच्या तोंडची होती. पुष्कळशी मात्र टेबलावर बसून बनवलेली.

१९२३नंतर शाळांतूनही जर्मन हद्दपार होत गेली. तेव्हा घराघरांत चोरून वर्ग भरू लागले. त्यांना 'भुयारी शाळा' म्हणत. शिकवणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. त्यांतल्या अँजेला निकोलेट्टी हिला तुरुंगवास घडला. १९३०मध्ये, ऐन पंचविशीत ती क्षयाने गेली. मुलांना त्यांच्याच आईची भाषा शिकवणं, एवढाच तिचा गुन्हा.

१९३९मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी लोकांपुढे पर्याय ठेवला: जर्मन राहायचं तर गाव सोडा, गावात राहायचं तर इटालियन व्हा. सुमारे ७५ हजार माणसं निघून गेली. युद्धानंतर करार झाला, पण तो नीट पाळला जात नाही म्हणून असंतोष वाढला, बॉम्बस्फोटही झाले. अखेर १९७२च्या स्वायत्ततेने वाट निघाली. आज जर्मन शाळेत इटालियन आणि इटालियन शाळेत जर्मन सक्तीने शिकवतात. लादीन ही छोटी भाषा बोलणाऱ्या खोऱ्यांतल्या शाळांत तिन्ही भाषा चालतात. पायवाटांच्या पाट्यांवर कोणतं नाव असावं, यावरून मात्र अलीकडेही तंटे झाले आहेत.

उर्दू माध्यमातली मुलं मराठी शिकताना मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. नवी भाषा यायला जुनी पुसावी लागत नाही. दक्षिण टिरोलला हे कळायला अर्धं शतक लागलं. म्हणून तिथल्या पाटीवरची दोन्ही नावं वाचा. भुयारी शाळांतल्या त्या मुलींची आठवण ठेवायची ती हीच जागा आहे.