२०२० ची खर्चाची वही



मागच्या आठवड्यात कपाट आवरताना २०२० आणि २०२१ च्या घरखर्चाच्या वह्या हाती लागल्या. बँकेत जन्म गेला, त्यामुळे रोज रात्री जमाखर्च लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही. मुलं चेष्टा करतात, करू देत. कोरोनात आपल्या आदिलाबादेत महागाई कशी आली, हे माझ्या आठवणीपेक्षा या वह्याच जास्त खरं सांगतात.

लहानपणी आजी १९१८ च्या मानमोडीच्या साथीबद्दल बोलायची. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. त्याच साली पावसाने दगा दिला, महायुद्धाची महागाई आधीपासून होतीच. ताप आणि उपासमार दोन्ही एकदम दारात. घरात ज्वारी नव्हती, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. तेच डोक्यात बसलेलं. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, त्याच संध्याकाळी तेलंगणात लॉकडाऊन जाहीर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीचं पोतं घरात आणून टाकलं.

पण वही काय सांगते? एप्रिल २०२० चा खर्च मार्चपेक्षा कमी! स्कूटर दारात उभी, म्हणून पेट्रोल नाही. लग्नं पुढे ढकललेली, म्हणून आहेर नाही. नंदीग्राम एक्सप्रेस बंद, त्यामुळे नांदेड-मुंबईचं जाणं-येणं नाही. भाजीला गिऱ्हाईक नव्हतं, शेतकरी गल्लीत येऊन मिळेल त्या भावात टोमॅटो देऊन जायचे. मी तर महिनाअखेरीला खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

झळ पहिल्यांदा लागली ती जमेच्या बाजूला. एप्रिल २०१५ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख ठेवले होते, तेव्हा व्याज ९.३ टक्के. नेमकी एप्रिल २०२० मध्ये मुदत संपली आणि १ एप्रिलपासून दर झाला ७.४. वर्षाचे ९३ हजार यायचे, ते ७४ हजारांवर आले. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर ४ टक्क्यांवर आणला. कर्जदारांना बरं झालं, ठेवीवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांचा मात्र घास लहान झाला. नोकरीत असताना मीच लोकांना ठेवीचं महत्त्व पटवून द्यायचो!

मग खर्चाची बाजू वाढू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये देशातली किरकोळ महागाई ७.६१ टक्क्यांवर गेली होती. आमच्या वहीत ती सगळ्यात ठळक दिसते खाद्यतेलात. सूर्यफुलाची पिशवी साथीच्या आधी शंभरच्या आत होती, २०२१ च्या उन्हाळ्यात पावणेदोनशेच्या घरात. आपला देश निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो, बाहेर भडका उडाला की इथली कढई तापणारच. दुसरं कारण डिझेल. आपल्याकडे निम्मा किराणा ४४ नंबरच्या हायवेने येतो, हैदराबाद तीनशे किलोमीटर आणि नागपूर दोनशे. मे २०२० मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं होतं, पण केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं, त्यामुळे ती स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही. जून २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली. दुसऱ्या लाटेतल्या दवाखान्याच्या आणि नागपूरच्या ॲम्ब्युलन्सच्या नोंदींचं पान मी उलटून टाकलं. ते माणूस परत आलं नाही.

खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसलो ते वेगळ्याच एका नोंदीमुळे. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंना तेव्हा महिना २००० रुपये होते. एप्रिल आणि मे, दोन्ही महिन्यांत त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'खाडे, वजा १०००'. खाडा त्यांनी केलाच नव्हता. "येऊ नका" असं आम्हीच फोनवर सांगितलं होतं. सरकारने कार्डावर माणशी १२ किलो तांदूळ आणि घराला १५०० रुपये दिले होते, त्यामुळे त्यांचं भागत असेल असं मी धरून चाललो. तांदूळ नुसता शिजवून खातात का? एप्रिलच्या ज्या बचतीवर मी खूश होतो, तिच्यात हे हजार रुपये होते.

सप्टेंबरमध्ये शाळा टीव्हीवर आणि फोनवर सुरू झाल्या. त्या मुलासाठी फोन घ्यायला उचल मागायला आल्या. ३००० दिले आणि पुढे दरमहा ५०० कापून घेतले. आज बेरीज केली तर त्यातले २००० त्यांचेच होते.

बायकोला वही दाखवली. ती एवढंच म्हणाली, "मग द्या ना आता."

परवा पाकिटात घालून दिले. कशाचे, म्हणून त्यांनी विचारलं. मी वहीतलं पान उघडून समोर धरलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही हे लिहून ठेवलं होतं होय? मला वाटलं, विसरून गेले असाल."