पावकी आणि पैलू

सुरत शहराच्या उत्तरेस कतारगाम आहे. एके काळी हे निराळे गाव होते, आणि कंतारेश्वर महादेवाचे देवस्थान हे त्याचे भूषण. आज मात्र कतारगामचे नाव निघाले की हिऱ्यांचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. हिरा घासण्याच्या चक्राच्या मेजास तेथील कारागीर ‘घंटी’ म्हणतात. मराठी माणसास हा शब्द ऐकून देवघर आठवावे हे साहजिकच. पण गुजरातीत घंटी म्हणजे जाते.

ह्या जात्याशी बसणाऱ्यांत शाळा अर्धवट सोडून आलेले पुष्कळ आहेत. मागे टाकलेले गणित येथे त्यांस पुन्हा गाठते. गोल हिऱ्याच्या वरच्या भागास ‘मथाळा’ व खालच्यास ‘तळिया’ म्हणतात. मथाळ्यावर ३३ पैलू आणि तळियावर २४, मिळून ५७. तळियाचा कोन सुमारे पावणेएकेचाळीस अंश, मथाळ्याचा साडेचौतीस. मार्सेल टोल्कोव्स्की ह्यांनी १९१९ साली कागदावर भूमिती मांडून हे कोन काढले. व्यास १०० धरला तर तळियाची खोली ४३.१ यावी लागते. तळिया फार उथळ वा फार खोल झाला की आत शिरलेला प्रकाश वर न परतता खालून निसटतो आणि हिरा निस्तेज दिसतो. वजनाचा हिशेबही तितकाच काटेकोर : एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचेही पुन्हा शंभर भाग.

रत्ने आणि अंकगणित ह्यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचिलेल्या ‘लीलावती’त चार रत्नव्यापाऱ्यांचे एक उदाहरण आहे. एकाजवळ ८ माणके, दुसऱ्याजवळ १० नीलमणी, तिसऱ्याजवळ १०० मोती व चौथ्याजवळ ५ हिरे. प्रत्येकाने इतर तिघांस आपले एकेक रत्न दिले आणि चौघांचे धन सारखे झाले. तर प्रत्येक रत्नाचे मोल काय? वाटणीनंतर प्रत्येकाजवळ चारही जातींचे एकेक रत्न असतेच. तेवढे बाजूस काढले की उरतात ४ माणके, ६ नीलमणी, ९६ मोती आणि १ हिरा. हे चारही ढीग समान मोलाचे. म्हणून मोती १, नीलमणी १६, माणिक २४ आणि हिरा ९६. वाचकांनी आपल्या नातवंडांस हे अवश्य घालावे. बीजगणिताची गरज पडत नाही.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, तो खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे. त्याचा १२०७ चा शिलालेख भवानीच्या देवळात सापडला. मठास बाजारातून काय मिळावे हे त्यात जुन्या मराठीत नोंदविले आहे. गणिताची शाळा देवळाच्या आश्रयाने व बाजाराच्या दानावर चालत असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ह्याच खानदेशातून तापीकाठच्या लोहमार्गाने हजारो मराठी कुटुंबे पोटासाठी सुरतेस आली.

ज्यांचे बालपण जुन्या वळणाच्या घरात गेले त्यांस सांजवातीनंतरचा परवचा ठाऊक असेल : पाढे झाले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सर्वांत अवघड औटकी. औट म्हणजे साडेतीन. गुजराती मुलेही हाच पाढा ‘ऊठां’ ह्या नावाने म्हणत. दोन्ही शब्द ‘अर्धचतुर्थ’ ह्या एकाच संस्कृत मुळातून आलेले; चौथा अर्धाच, म्हणून साडेतीन. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, वजनमापेही दशमान झाली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. दशमान पद्धती सोयीची आहे ह्यात वाद नाही. परंतु आणे गेले म्हणजे अपूर्णांकही गेले, अशी जी समजूत झाली ती मात्र खोटी होती.

कतारगामच्या मेजावर पाहा. वर्तुळाचे ३६० अंश आठ मुख्य पैलूंत वाटले की पंचेचाळीस. त्याचे पुन्हा निम्मे करावयाचे. तोंडी हिशेब येणारा मुलगा निमकीतले उत्तर चटकन देतो : साडेबावीस. न येणारा मान खाली घालून शेजाऱ्याच्या हाताकडे पाहतो, आणि चक्र तोवर फिरतच असते.