कढईविना कुरकुरीत : पोर्क चॉप, पावाचा चुरा आणि साष्टीचा तवा

#धागा

१/ घाटकोपर पूर्वेच्या खाऊगल्लीत कटलेट मागितले, तर हाती येते ते बटाट्याचे आणि भाज्यांचे. जैन कटलेट मागितले, तर बटाट्याच्या जागी कच्चे केळे. मांसाचा त्यात लवलेशही नसतो. परंतु ‘कटलेट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘लहानशी बरगडी’ असा आहे. बरगडी गेली, मांस गेले. उरले ते बाहेरचे कुरकुरीत कवच. त्या कवचाचा हा इतिहास. त्याच्या पोटात एक प्रश्नही दडला आहे : पोर्क चॉप कुरकुरीत व्हावा म्हणून कढईभर तेल खरोखर लागते का?

२/ प्रथम शब्द. फ्रेंच भाषेत ‘कोत’ म्हणजे बरगडी आणि ‘कोतलेत’ म्हणजे छोटी बरगडी. इंग्रजांनी त्याचे ‘कटलेट’ केले. ध्वनी सारखा असल्याने ‘कट’, म्हणजे कापणे, याच्याशी त्याचे नाते जोडले जाते. ते खरे नाही. ‘चॉप’ हा शब्द मात्र कापण्याशीच निगडित आहे : हाडासह तोडलेला मांसाचा जाड तुकडा.

३/ आता स्थळ. आजचे घाटकोपर हा जुन्या साष्टी बेटाचा भाग. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्यासोबत साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टीवर ताबा मिळवला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे या भूमीवर पोर्तुगीज सत्ता होती. तिने मागे ठेवलेल्या गोष्टींपैकी एक आपण रोज खातो.

४/ ती गोष्ट म्हणजे पाव. पीठ पायांनी तुडवतात म्हणून ‘पाव’, ही लोककथा आपण ऐकलेली असते. वास्तविक हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’ या रोटीवाचक शब्दावरून आला. त्याच कुळातला दुसरा पोर्तुगीज शब्द आहे ‘पानादु’ : पावाच्या चुऱ्यात घोळवलेले. चॉपच्या कवचाचे नावच पावावरून पडलेले आहे.

५/ पाव आला तसा शिळा पावही आला. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, यीस्टऐवजी ताडी वापरून पीठ फुगवीत. तो पाव सकाळी मऊ, दुसऱ्या दिवशी चिवट, आणि आपल्या दमट किनाऱ्यावर लवकरच बुरशीचा धनी. त्यावर उपाय एकच : उन्हात किंवा भट्टीच्या उरल्या उबेत तो कडक वाळवावा आणि कुटून ठेवावा. आज पाकिटात मिळणारा चुरा मुळात काटकसरीतून जन्मला आहे.

६/ येथे एक सावधगिरी हवी. साष्टीत पोर्तुगीज होते म्हणून चुऱ्यातला चॉप त्यांनीच येथे रुजवला, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. साष्टी, मुंबई आणि वसईचे मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागले. त्यांच्या घरी डुकराचे मांस प्रामुख्याने इंद्याल आणि सोरपोतेल या रूपांत शिजते : सिरका, मिरची, मसाला आणि दाट रस. तेथे कुरकुरीतपणाला वाव नाही.

७/ चुऱ्यातला चॉप मुंबईत पसरला तो मुख्यतः इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरून, आणि तो रांधणारे हात बहुधा गोव्याचे होते. गोव्यातील असंख्य माणसे साहेबांच्या घरांत आणि ब्रिटिश जहाजांवर आचारी किंवा खानसामे म्हणून काम करीत. दोन सफरींच्या मधल्या काळात ती धोबीतलावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत. पोर्तुगीज पाव, इंग्रजी चॉप आणि गोव्याचा मसाला यांची गाठ अशा हातांनी बांधली.

८/ मुंबईने हे कवच निमूटपणे स्वीकारले नाही. युरोपीय क्रम असा : आधी कोरडा मैदा, मग अंडे, शेवटी चुरा. पारशी स्वयंपाकघराने तो उलटा केला. खिम्याच्या वड्या आधी चुऱ्यात घोळवायच्या, मग फेटलेल्या अंड्यात बुडवून थेट गरम तेलात सोडायच्या. अंड्याचे तंतू कडेने पसरतात आणि कटलेटला झालर लागते. ही झालर मात्र भरपूर तेलाशिवाय उमलत नाही.

९/ किनाऱ्याने निराळी वाट धरली. पावाच्या चुऱ्याचे काम आपल्याकडे रवा करतो. सुरमई, बोंबील यांना रवा लावून तव्यावर थोड्या तेलात परतण्याची रीत मालवणपासून मुंबईपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गोव्यातील कटलेट-पावातही मांसाची पातळ कापे रवा लावून अशीच तव्यावर भाजली जातात. रवा मुळात कोरडा, दाणेदार आणि टिकाऊ. त्याला ना शिळा पाव लागतो, ना अंडे.

१०/ यामागे अर्थकारणही आहे. मराठी घरात ‘तळण’ ही सणावाराची गोष्ट होती. पुऱ्या, करंज्या, अनारसे यांसाठी कढई चढे. एरवी तेल पळीने मोजूनच पडे. कढईभर तेल तापवणे हा रोजच्या स्वयंपाकाचा नव्हे, तर उत्सवाचा खर्च होता. तवा ही गरज होती. तिचे पुढे कौशल्य झाले.

११/ मग चॉप म्हणजे तळलेलाच, ही कल्पना कोठून आली? युरोपात दोन्ही रिती होत्या. व्हिएन्नाचा श्नित्झेल भरपूर तुपात किंवा चरबीत तरंगतो. मिलानची कोतोलेत्ता उथळ लोण्यात परतली जाते. फ्रेंच घडणीचे कटलेट लोण्यात परतून पुढे भट्टीत शिजवत. तोक्योच्या गिंझा भागातील रेंगातेई या उपाहारगृहाने १८९९ मध्ये पोर्क कटलेट टेंपुराप्रमाणे खोल तेलात तळण्यास आरंभ केला, असे मानले जाते. तव्यावर एकेक कटलेट सांभाळत बसण्यापेक्षा ते वेगवान होते. त्यातूनच आजचा ‘तोनकात्सु’ घडला. त्यातला ‘कात्सु’ म्हणजे आपलेच कटलेट!

१२/ याचा अर्थ असा की, खोल तेल ही या पदार्थाची अट नसून एक सोय आहे. विज्ञानही हेच सांगते. पदार्थ तांबूस व खमंग होण्याची क्रिया लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. ओले मांस पाणी आटेपर्यंत १०० अंशांच्या पुढे जात नाही. कोरडा चुरा मात्र झटकन तापतो. कुरकुरीतपणाचे खरे रहस्य कोरडेपणात आहे. तेल केवळ उष्णता वाहून नेते.

१३/ ओव्हनची कल्पनाही आपल्याला परकी नव्हती. सीकेपी घरांतील भानोले आणि गोव्याची बेबिंका वर-खाली निखारे ठेवूनच भाजली जात. मुंबईतील कुटुंबे दिवाळीत पीठ, तूप आणि साखर घेऊन नानकटाई भाजण्यासाठी बेकरीच्या भट्टीवर जात, ही आठवण आपल्या घरातील ज्येष्ठ सांगतील. ओव्हन घरी नव्हता, पण गल्लीत होता.

१४/ आता ही सारी सूत्रे एका ताटात. दोन सेंटिमीटर जाडीच्या चॉपला मीठ लावून अर्धा तास ठेवा, मग पुसून पूर्ण कोरडा करा. पावाचा चुरा चमचाभर तेलात आधीच तांबूस परता. सारे यश येथेच आहे. मैदा, अंडे, चुरा या क्रमाने घोळवा. चॉप जाळीवर ठेवा, म्हणजे खालची बाजू वाफेने ओली होणार नाही. २२० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटे पुरतात. आतील तापमान ७१ अंशांवर गेल्याची खात्री करा. डुकराचे मांस कच्चे राहू देऊ नये. ओव्हन नसेल, तर पातळ काप, रवा, तवा आणि दोन चमचे तेल.

१५/ पुन्हा घाटकोपर. साष्टीच्या या उपनगरात आज एका घरी पोर्क चॉप रांधला जात असेल आणि शेजारच्या घरी कच्च्या केळ्याचे कटलेट. दोघांचे अन्नविषयक नियम एकमेकांना कदाचित कधीच मान्य होणार नाहीत. तरीही दोघांच्या ताटातले कवच एकाच वंशाचे आहे : शिळ्या पावाचे, काटकसरीचे, दूरच्या बंदरांतून आलेले. आत काय असावे यावर माणसे भांडत राहिली. बाहेरचा चुरा मात्र निमूटपणे सगळ्यांचा झाला.

आपल्या घरी या कवचाला काय वापरतात : रवा, तांदळाचे पीठ की पावाचा चुरा? आणि ती रीत कोणाकडून आली? अवश्य लिहा. स्वयंपाकघरातला इतिहास असाच गोळा होतो.

(समाप्त)